वाऱ्याने टाकलेला स्लॅब

बर्फात चाललं की पाऊल रुतणार आणि मागे खड्डा राहणार, हे आपण न बघताही सांगू. स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म पर्वतात हिवाळ्यात कधीकधी याच्या नेमकं उलटं दिसतं. पांढऱ्या पठारावर पावलांची एक रांग असते, पण ती पावलं खाली रुतलेली नसतात, वर उभी असतात. बुटाच्या तळव्याएवढे, तीन-चार बोटं उंचीचे चिमुकले चौथरे. रांगोळीच्या रेघा पुसल्या जाव्यात आणि ठिपके तेवढे मागे राहावेत, तसे ते एकामागोमाग एक दूर निघून गेलेले असतात.

झालेलं असतं ते साधं. काल कुणीतरी इथून चालत गेलं. बुटाखाली बर्फ दाबला गेला, घट्ट झाला. रात्री वारा सुटला आणि भोवतालचा भुसभुशीत बर्फ उचलून घेऊन गेला. दाबलेला बर्फ त्याला उचलता आला नाही, म्हणून पावलं उरली. पाहणाऱ्याला मौज वाटते. पण स्की घेऊन डोंगरात निघालेला जाणता माणूस या चौथऱ्यांपाशी थबकतो. त्याच्या मनात एकच प्रश्न येतो: इथला बर्फ गेला कुठे?

या एका प्रश्नात एक अख्खं शास्त्र आहे आणि माणसांचे जीवही आहेत. हिमस्खलन म्हटलं की आपल्याला वाटतं, आकाशातून फार बर्फ पडला, डोंगराला पेलवला नाही आणि तो खाली आला. ब्रिटनच्या डोंगरांत बहुतेक वेळा गोष्ट वेगळी असते. तिथे आकाशातून किती पडलं याहून वाऱ्याने कुठून उचललं आणि कुठे नेऊन टाकलं, याला जास्त महत्त्व आहे.

उंचीच्या मानाने हे डोंगर आपल्याला किरकोळ वाटतील. ब्रिटनचं सर्वांत उंच शिखर बेन नेव्हिस १,३४५ मीटरचं, म्हणजे आपल्या १,६४६ मीटरच्या कळसूबाईपेक्षा तीनशे मीटरने ठेंगणं. केर्न गॉर्म शिखर तर १,२४५ मीटर. पण हे डोंगर जवळजवळ ५७ अंश उत्तर अक्षांशावर आहेत आणि अटलांटिक महासागरावरून येणाऱ्या वादळांच्या थेट वाटेत उभे आहेत. २० मार्च १९८६ रोजी केर्न गॉर्मच्या माथ्यावर वाऱ्याचा एक झोत ताशी १७३ मैलांचा, म्हणजे सुमारे २७८ किलोमीटरचा नोंदला गेला. ब्रिटनमध्ये मोजलेला तो सर्वांत जोरदार झोत. तो मोजणारं स्वयंचलित केंद्र एडिनबरोच्या हेरियट-वॅट विद्यापीठाने १९७७ साली तिथे बसवलं. त्याची रचना मला फार आवडते. ढगातलं पाणी उपकरणांवर गोठून त्यांचा पार गोळा होऊ नये म्हणून ती एका गरम ठेवलेल्या नळकांड्यात लपवलेली असतात. दर अर्ध्या तासाने ती बाहेर डोकं काढतात, दोन-तीन मिनिटं वारा मोजतात आणि पुन्हा आत जातात.

केर्नगॉर्मचा आकारही मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल. एकटी टोकदार सुळक्यासारखी शिखरं तिथे फारशी नाहीत. वर विस्तीर्ण, बोडकं पठार आणि कडेला अचानक तुटलेले कडे. आपला घाटमाथाच म्हणा. त्या कड्यांच्या पोटात हिमयुगातल्या हिमनद्यांनी कोरून काढलेली अर्धगोल खोरी आहेत. गेलिक भाषेत त्यांना ‘कोरी’ म्हणतात आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ आहे कढई. एका कढईचं तर नावच ‘कोरी अन्‌ त्‌ श्नेआख्क’, बर्फाची कढई. ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांना बर्फ कुठे साठतो हे पक्कं ठाऊक होतं.

शाळेच्या भूगोलात आपण वातसन्मुख आणि वातविन्मुख उतार शिकलो. नैऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला धडकतात, कोकण आणि घाटमाथा न्हाऊन निघतो, आणि पलीकडे माण-खटावला पर्जन्यछायेत कोरडं राहावं लागतं. वाऱ्याच्या तोंडावर असेल त्याला भरपूर, आडोशाला असेल त्याला काही नाही, हा हिशेब आपल्या रक्तात आहे. वाऱ्याने वाहून नेलेल्या बर्फाचा हिशेब याच्या बरोबर उलटा. वाऱ्याच्या तोंडावरचा उतार खरवडून निघतो, गवत आणि खडी उघडी पडते. आणि सगळा साठा पलीकडे, आडोशाच्या कुशीत जाऊन बसतो. पाऊस एकदा जमिनीवर पडला की वारा त्याला पुन्हा उचलून नेत नाही. बर्फ मात्र पडल्यावरही प्रवासाला मोकळाच असतो.

ब्रेरीआख नावाच्या १,२९६ मीटरच्या डोंगरावर ‘गार्व कोरी मोर’ ही अशीच एक ईशान्येकडे तोंड केलेली कढई आहे. नैऋत्येचा वारा हिवाळाभर वरच्या पठारावरचा बर्फ झाडून तिच्यात लोटतो. तिच्या तळाशी ‘स्फिंक्स’ नावाचा बर्फाचा एक तुकडा उन्हाळ्यातही टिकून राहायचा, वर्षानुवर्षं. तो पूर्ण वितळल्याची पहिली नोंद १९३३ची, मग १९५९, १९९६, २००३ आणि २००६. २०१७ पासून मात्र तो पुन्हापुन्हा नाहीसा होऊ लागला आहे. तिथली उन्हं बदलली, हिवाळे बदलले. एका वाऱ्याने एका खळग्यात एवढा बर्फ भरून ठेवावा की तो दशकानुदशकं पुरावा, यावरून हा वारा किती कष्टाळू आहे ते कळतं.

आता वारा हे करतो कसं ते अगदी जवळून पाहू.

ताजा, कोरडा हिमकण हलका असतो. ताशी वीस-पंचवीस किलोमीटरचा वारा त्याला हलवायला पुरतो. काही कण जमिनीवरून सरपटतात, काही गुडघ्याखालच्या उंचीत टुणटुण उड्या मारत जातात, आणि वारा वाढला की काही धुरासारखे तरंगत लांब जातात. वाळूच्या बाबतीत हे उड्यांचं गणित एका ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने मांडलं. राल्फ बॅग्नोल्ड त्याचं नाव. लिबियाच्या वाळवंटात मोटारी घालून फिरताना त्याला वाळूच्या टेकड्यांचं वेड लागलं, आणि १९४१ साली त्याने त्यावर लिहिलेला ग्रंथ आजही मूलभूत मानला जातो. बर्फालाही बरंचसं तेच गणित लागू पडतं, आणि त्यातला धक्का देणारा भाग हा: वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याने वाहून नेलेला माल दुप्पट होत नाही, साधारण आठपट होतो. म्हणून एका रात्रीच्या वादळात आडोशाच्या उतारावर जो थर चढतो, तो नुसत्या हिमवर्षावाच्या दहापट वेगानेही चढू शकतो. आकाश निरभ्र असलं, वरून एक कणही पडत नसला, तरी उतारावरचा बोजा तासातासाला वाढत असतो.

हा बोजाही साधा नसतो. शांत हवेत पडलेला बर्फ म्हणजे लाह्यांनी भरलेला डबा. कणाकणांना फांद्या असतात, त्यांच्यामध्ये हवा असते, डबा मोठा दिसतो पण उचलला तर काहीच वजन नाही. त्याच लाह्या कुटून पीठ केलं तर डब्याच्या तळाशी जेमतेम मूठभर उरेल, घट्ट आणि जड. वारा हेच कुटण्याचं काम करतो. उड्या मारताना कण एकमेकांवर आपटतात, फांद्या मोडतात, एखाद्या मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाएवढा भुगा होतो. ताज्या बर्फाचा एक घनमीटर पन्नास ते शंभर किलोचा. वाऱ्याने रचलेल्या थराचा दोनशे ते चारशे किलोचा. त्यात आणखी एक गोष्ट घडते. पावसाळ्यात बरणीतली साखर आपोआप खडे धरते ना, तसे हे बारीक कण एकमेकांना चिकटतात. बर्फ उणे पाच अंशांवर असला तरी तो आपल्या वितळबिंदूपासून फक्त पाचच अंश दूर असतो. त्याची वाफ होते, ती कणांच्या सांध्यात जाऊन गोठते आणि सांधे जाड होत जातात. काही तासांत पिठाचा स्लॅब होतो.

‘स्लॅब’ हाच शब्द तिकडचे लोक वापरतात, विंडस्लॅब. मराठीत हा शब्द इतका घरचा झाला आहे की मला त्याला दुसरा शब्द शोधावासा वाटत नाही. घराचा स्लॅब पडतो तेव्हा आपण काय बघतो? संपूर्ण मजला एकसंध, ताठ, आपल्या वजनाने ताणलेला. फरक एवढाच की घराच्या स्लॅबखाली खांब आणि सळ्या असतात. बर्फाच्या स्लॅबखाली काय आहे ते वरून दिसत नाही.

कधी खाली जुना, उन्हापावसाने वितळून पुन्हा गोठलेला, काचेसारखा गुळगुळीत थर असतो. स्कॉटलंडची हवा समुद्राची, आज उणे पाच तर उद्या अधिक पाच, त्यामुळे असे थर तिथे सतत तयार होतात. कधी वादळाच्या सुरुवातीला पडलेला ताजा, न कुटलेला मऊ बर्फ खाली दबून राहतो. आणि कधी असतात ग्राऊपेल, म्हणजे हिमकणावर ढगातले थेंब गोठत जाऊन झालेले पांढरे गोल दाणे. हातात घेतले तर अगदी साबुदाणा. कड्यांवरून घरंगळत ते खालच्या उतारावर गोळा होतात आणि मग त्यांच्यावर स्लॅब चढतो. फरशीवर कच्चा साबुदाणा सांडलेला असताना त्यावरून चालून पाहिलेल्या कोणालाही पुढचं सांगायला नको.

अशा स्लॅबवर एक माणूस चढतो. त्याच्या वजनाने खालचा अशक्त थर एका ठिकाणी चिरडतो. चीर पडते आणि ती थराथरातून सेकंदाला वीस मीटर किंवा त्याहून कितीतरी अधिक वेगाने पसरते. स्की करणारा तिच्या पुढे पळू शकत नाही. वरच्या अंगाला एक सरळ भेग उघडते आणि सगळा स्लॅब ठोकळ्या-ठोकळ्यांनी निसटतो. बॅडमिंटन कोर्टाएवढा आणि फक्त हातभर, चाळीस सेंटिमीटर जाडीचा तुकडा धरला तरी त्याचं वजन दहा टनांच्या आसपास भरतं, एका भरलेल्या मालट्रकचा माल. बळी गेलेल्यांपैकी बहुतेकांचं हिमस्खलन त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्याने सुरू केलेलं असतं. म्हणूनच मला या ज्ञानाचं एवढं मोल वाटतं. दरड कधी कोसळेल हे आपल्या हातात नसतं. इथे मात्र घोडा दाबणारं बोट आपलंच असतं.

उताराचा कोन हा यातला दुसरा मोठा धागा. स्लॅब सुटतात ते मुख्यतः तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर. तीस अंश म्हणजे किती? आपल्या इमारतीच्या जिन्याचा चढ साधारण तेवढाच असतो. त्याहून सपाट जमिनीवर स्लॅब सहसा बसून राहतो. फार उभ्या कड्यावर मुळात साठतच नाही. आणि स्की करायला सर्वांत सुंदर उतार कोणते? तेच, तीस ते पंचेचाळीस. वारा ज्या कुशीत मऊ, पांढरीशुभ्र, एकही खूण नसलेली चादर पसरतो, तिथेच मन ओढ घेतं.

आता समजा, फेब्रुवारीतली एक सकाळ आहे आणि आपण केर्नगॉर्मच्या स्की केंद्राच्या वाहनतळावरून निघालो आहोत. लिफ्टने जायचं नाही, स्वतःच्या पायांनी चढायचं आहे. स्कीच्या तळाला ‘स्किन’ चिकटवलेली आहे. ही लव असलेली पट्टी, पूर्वी सीलच्या कातड्याची असे, आता मोहेर किंवा नायलॉनची. मांजराच्या पाठीवरून हात एका बाजूने सुळकन जातो आणि उलटा फिरवला की अडतो, त्याच न्यायाने स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही.

पण सहल सुरू झाली ती इथे नाही, काल संध्याकाळी. स्कॉटिश ॲव्हलांच इन्फर्मेशन सर्व्हिस ही संस्था १९८८ पासून काम करते. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत तिचे निरीक्षक रोज डोंगरात जातात, खड्डे खणतात, थर तपासतात आणि संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचा अंदाज देतात. लोखाबर, ग्लेनको, क्रेग मेगी, टॉरिडन आणि केर्नगॉर्मचे उत्तर व दक्षिण असे सहा भाग. अंदाजात एक वर्तुळ असतं, होकायंत्रासारखं. कोणत्या दिशेच्या उतारावर, किती उंचीपासून वर, किती धोका, हे त्यात रंगांनी भरलेलं. धोक्याच्या पायऱ्या युरोपभर एकच, पाच. आजच्या वर्तुळात उत्तर ते पूर्व हा तुकडा, नऊशे मीटरच्या वर, केशरी आहे असं धरू. रात्रभर नैऋत्येचा वारा होता. म्हणजे वाऱ्याने माल कुठे टाकला ते कागदावर समजलं. आता ते डोंगरात वाचायचं.

दोन कढयांच्या मधल्या ‘फिआकल अ कोरी खास’ या धारेने आपण चढतो. धार खरवडलेली आहे. जागोजागी खडी उघडी, त्यामुळे मधूनच स्की काढून पाठीवर घ्यावी लागते. चढायला हे कटकटीचं, पण चांगलं लक्षण. इथला बर्फ वाऱ्याने नेला आहे, म्हणजे आपल्या पायाखाली स्लॅब नाही.

पुढे बर्फावर लाटा लागतात, कोरीव आणि टणक. सुताराने रंधा उलटसुलट मारावा तशा. त्यांना सास्त्रुगी म्हणतात, शब्द मूळचा रशियन. त्यांचं टोकदार, कापलेलं नाक ज्या दिशेला असतं, तिकडून वारा आला. दगडांमागे मात्र निमुळत्या शेपट्या असतात, त्या वारा गेला त्या बाजूला. आणि माथ्यावरच्या दगडांच्या राशीवर पांढरी पिसं उगवलेली दिसतात, वीतभर लांब. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, वाऱ्याने ती मागे उडवली असतील. नाही. ती वाऱ्याच्या तोंडाकडे वाढतात. ढगातले शून्याखाली गेलेले पण न गोठलेले थेंब दगडाला लागताक्षणी गोठतात, मग पुढचे थेंब त्यांच्यावर, आणि पीस वाऱ्याकडे सरकत जातं. कालचा वारा कुठून आला हे सांगणारी याहून सुंदर नोंदवही मला माहीत नाही.

एकच खूण धरून चालत नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. पिसं परवाच्या वाऱ्याची असू शकतात, शेपट्या पहाटेच्या. वारा रात्रीत नैऋत्येवरून वायव्येकडे वळला तर माल वेगळ्याच उतारावर पडतो आणि दुपारपर्यंत अंदाजातल्या वर्तुळाच्या पलीकडची जागा धोक्याची होते. धारेला समांतर वारा असेल तर तो घळींच्या एकाच काठावर बर्फ भरतो. बाजूची फासळी उघडी आणि दहा पावलांवर मांडीएवढा स्लॅब. म्हणून जाणकार सतत वाचत असतो, आणि नवी खूण दिसली की आधीचं मत बदलायची त्याची तयारी असते.

१,१४१ मीटरच्या माथ्यावर पोहोचलो. डावीउजवीकडे कढया आणि त्यातली एक बर्फाची कढई, जिच्यात उतरायचं मनात आहे. कड्याच्या काठाकडे जाताना थांबायचं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर वारा खालून वर येतो, फेकलेलं पान परत तोंडावर येतं. इथे वारा पठारावरून येऊन काठाबाहेर झेप घेतो, आणि झेप घेताना कण काठाशी चिकटवत जातो. त्याचा छज्जा होतो. तो खालून रिकामा, वरून मात्र पठाराचाच भाग वाटतो. तो तुटतो तेव्हा भेग काठाशी न पडता अपेक्षेपेक्षा बरीच मागे पडते. ढगात सगळं पांढरं झालेलं असताना अनेकांनी या छज्ज्यावर पाय ठेवला आहे.

काठापासून दूर, थोड्या आडोशाच्या आणि छोट्या, पडलो तरी चालेल अशा उतारावर आपण बर्फ तपासतो. रंगातच फरक आहे. आधीचा बर्फ चमकत होता, हा खडूसारखा मंद. स्कीची काठी दाबली तर पहिल्यांदा ताठ अडते आणि मग एकदम भसकन आत जाते. स्की ठेवली की पायाखालून एक भेग सरळ पुढे धावते, काच तडकावी तशी. कधीकधी पोकळ, दबका ‘धप्प’ असा आवाजही येतो. एखाद्या खोलीतली सगळी हवा कुणीतरी एका दमात ओढून घेतल्यासारखा. तो आवाज म्हणजे खालचा थर आपल्याखाली बसला. उतार तीव्र नव्हता म्हणून आपण उभे आहोत.

फावड्याने खड्डा खणला. भिंतीवर हात फिरवला तरी थर लागतात: वर बोटाने दाबता न येणारी हातभर चकती, खाली मुठीनेही आत जाणारा मऊ पट्टा, त्याखाली जुना टणक बर्फ. तीस सेंटिमीटर रुंद आणि नव्वद लांब असा एक खांब मोकळा कापायचा, एका टोकाला फावडं ठेवायचं आणि त्यावर दहा थापा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून मारायच्या. बाराव्या थापेला खांब आरपार सरकला, गुळगुळीत, एखादा ड्रॉवर उघडावा तसा. थापेचा आकडा महत्त्वाचा आहेच, पण चीर टोकापासून टोकापर्यंत पळाली हे त्याहून महत्त्वाचं.

एवढं सगळं वाचल्यावर निर्णय अवघड राहत नाही, पण तो पाळणं अवघड असतं. आठवड्याची सुट्टी, एवढी सगळी चढण, खाली पसरलेला कोरा उतार, आणि बरोबरचे सगळे उत्सुक. मला वाटतं हिमस्खलनाचं अर्धं शास्त्र बर्फात आहे आणि अर्धं माणसात. आपण आल्या धारेने, खडीवरून खडखडत, परत उतरतो. खरवडलेली बाजूच आज सुरक्षित आहे.

चुकलं तर काय होतं? १९ जानेवारी २०१३ रोजी ग्लेनकोच्या बिडियन नाम बियन या डोंगरावर उतरत असलेल्या गटाखालून उतार सुटला आणि चौघे गेले. पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर बहुतेक जण वाचतात. अर्ध्या तासानंतर वाचणारे थोडे. तेवढ्या वेळात बाहेरून मदत पोहोचत नाही, म्हणून प्रत्येकाच्या अंगावर ४५७ किलोहर्ट्‌झवर संदेश देणारा ट्रान्सीव्हर, पाठीवर फावडं आणि लांब सळई हवीच. पण जड स्लॅबचे ठोकळे खडकांवरून खाली घेऊन जातात तेव्हा ही साधनंही हतबल होतात.

या विषयाला ब्रिटनमध्ये मोठी परंपरा आहे. गेराल्ड सेलिगमन या स्कीवेड्या अभ्यासकाने १९३६ साली बर्फाच्या रचनेवर ग्रंथ लिहिला, आणि त्याच वर्षी सुरू केलेल्या त्याच्या संघटनेतून आजची आंतरराष्ट्रीय हिमनदीशास्त्र संस्था उभी राहिली. त्याआधी लोकांपाशी दंतकथाच होत्या. जानेवारी १८०० मध्ये स्कॉटलंडमधल्या गेकच्या खोऱ्यात शिकारीला गेलेले कॅप्टन जॉन मॅकफर्सन आणि त्यांचे चार सोबती झोपडीसकट हिमस्खलनात गेले, तेव्हा लोकांनी त्यात सैतानाचा हात पाहिला.

ब्रिटनमधलं सर्वांत जीवघेणं हिमस्खलन मात्र स्कॉटलंडमध्ये झालेलंच नाही. ते झालं दक्षिण इंग्लंडमध्ये, समुद्रापासून जवळ असलेल्या लुईस गावात. गावाशेजारी खडूच्या दगडाची एक टेकडी आहे, क्लिफ हिल. उंची दोनशे मीटरही नाही. १८३६च्या नाताळात वादळी वाऱ्यासह बर्फ पडला. वाऱ्याने टेकडीच्या माथ्यावरचा बर्फ झाडून गावाच्या बाजूच्या काठावर आणला आणि तिथे मोठा छज्जा तयार झाला. खाली बोल्डर रो नावाची गरिबांच्या घरांची ओळ होती. धोका काहींच्या लक्षात आला होता, घरं सोडा असं सांगितलंही गेलं. पण भर थंडीत, बर्फात, हातातोंडाची गाठ असलेली माणसं लेकरांना घेऊन जाणार कुठे? २७ डिसेंबरच्या सकाळी छज्जा तुटला. पंधरा जण गाडले गेले. गावकऱ्यांनी सात जणांना जिवंत काढलं, आठ जण गेले. वाचलेल्यांत दोन वर्षांची एक मुलगी होती. तिच्या अंगावरचा झगा गावाच्या संग्रहालयात जपून ठेवला आहे. ती घरं होती त्या जागी आज ‘स्नोड्रॉप इन’ नावाचं मद्यगृह उभं आहे.

ना हिमालय, ना आल्प्स. एक टेकडी, एक काठ आणि तीन दिवसांचा वारा एवढ्यावर ते घडलं.

ब्रिटनमध्ये राहणारी कितीतरी मराठी कुटुंबं आता हिवाळ्यात ॲव्हीमोर आणि ग्लेनकोला जातात, आणि पुण्या-मुंबईची मुलं जानेवारीत केदारकंठासारख्या हिमालयी वाटा चढतात. स्की पायात असो वा नसो, उतारावरच्या बर्फाला फरक पडत नाही. स्कॉटलंडला जाणार असाल तर ते रंगीत वर्तुळ आदल्या संध्याकाळी उघडा. ते सगळ्यांसाठी फुकट आहे. मग डोंगरावर पोहोचल्यावर आधी दगडांकडे, पिसांकडे आणि जुन्या पावलांकडे पाहा, आणि ज्या उतारावर वाऱ्याने माल टाकला आहे तो उतार त्या दिवसापुरता सोडून द्या.